पावसाळी ट्रेकमध्ये परत फिरणं स्वस्त कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून दर शनिवार-रविवारी ४० ते ४५ जणांना पावसाळी ट्रेकला नेणारा एक लहान ग्रुप आहे. तीन लीडर, प्रथमोपचाराची एक पेटी आणि प्रत्येकाच्या सहीचं हमीपत्र एवढी तयारी आहे. अंधारबनची जंगलवाट, देवकुंडचा धबधबा, हरिहर किल्ला अशा जागा ठरल्या आहेत आणि या वर्षी धबधब्यावरचं रॅपलिंगही (दोरावरून कडा उतरणं) सुरू करायचा विचार आहे. लोक सुखरूप परत यावेत म्हणून आणखी नेमकं काय करायला हवं?

हमीपत्राचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त विसंबून राहिलं जातं ते त्याच्यावर. "मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे" या ओळीखाली सही घेतली की आयोजक सुटला, असं होत नाही. पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. हलगर्जीपणामुळे कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सहीने हलगर्जीपणा पुसला जात नाही. त्या कागदाचा खरा उपयोग वेगळाच आहे. येणाऱ्याला धोका आधी आणि स्पष्ट सांगितला होता, याची ती नोंद असते. म्हणून त्यात "नैसर्गिक आपत्तीस आयोजक जबाबदार नाहीत" अशी मोघम ओळ नको. "या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात. पाणी वाढलेलं असलं तर आपण तिथूनच परत फिरू. अर्ध्या वाटेनंतर गाडीरस्ता काही तासांवर आहे" असं लिहा आणि पैसे भरण्याआधी पाठवा. गाडीत पहाटे पाच वाजता मोबाइलच्या उजेडात घेतलेली सही म्हणजे निव्वळ सोपस्कार.

राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्याखालची नोंदणी करून घ्या. विमा काढताना पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा. सामूहिक अपघात विम्यात साहसी खेळ आणि दोरावरची कामं बऱ्याचदा वगळलेली असतात आणि ते दावा नाकारल्यावरच कळतं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, धरणं, काही किल्ले यांवर मनाईचे आदेश काढतात. आधी ते कलम १४४ खाली निघायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. देवकुंडसारख्या जागेला निघण्याआधी त्या आठवड्यातला आदेश तपासायचाच. बंदी असताना मागच्या वाटेने लोक घुसवणाऱ्या आयोजकाच्या मदतीला ना विमा येतो, ना कायदा.

आता मुख्य मुद्दा. पावसाळी ट्रेकवरचे वाईट प्रसंग बहुतेक वेळा अज्ञानातून घडत नाहीत. ओढ्याच्या काठावर उभ्या असलेल्या लीडरला पाणी जास्त आहे हे दिसत असतं. पण मागे ४२ माणसं उभी असतात, त्यांनी पैसे भरलेले असतात, गाडी डोंगराला वळसा घालून पलीकडे गेलेली असते, कोणीतरी म्हणतं "ते बघा, तो दुसरा ग्रुप गेला की", आणि परत फिरलं तर पैसे परत मागणाऱ्यांना तोंड कसं द्यायचं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात असतो. अशा वेळी माणूस पुढे जातो. त्याला धीट किंवा जबाबदार बनवणारं प्रशिक्षण पुरत नाही. परत फिरणं त्याला स्वस्त पडेल अशी व्यवस्था लागते आणि ती शुक्रवारपर्यंत कागदावर लागते.

अंधारबन घ्या. ताम्हिणी घाटाजवळच्या पिंपरी गावाहून निघून हिरडीमार्गे भिऱ्याला उतरणारी ही साधारण १३ किलोमीटरची वाट. चढ जवळजवळ नाही, म्हणून नवख्यांसाठी "सोपा ट्रेक" या नावाने खपते. खरी अडचण वाटेच्या रचनेत आहे. ती एकेरी आहे, आडवी जाते आणि वाटेत ओढे कापते. लोकांना पिंपरीला सोडून गाडी ताम्हिणीतून भिऱ्याकडे निघते. गाडी हलली त्या क्षणी परत फिरणं महाग झालं. एवढी एकच गोष्ट बदला: पहिला मोठा ओढा ओलांडून सगळे पलीकडे गेल्याचा निरोप येईपर्यंत गाडी पिंपरीतच थांबेल. निरोपाची वेळ ठरवून ठेवा. त्या पट्ट्यात रेंजचा भरवसा नाही, म्हणून ओढ्याच्या आसपास जिथे रेंज मिळते ती जागा सीझनपूर्वी चालून नकाशावर नोंदवून ठेवा. चालक थांबायला कुरकुर करतो, त्याचे तास आधीच भाड्यात धरा.

पैशांचं गणितही तसंच. लीडर परत फिरला तर त्याचं मानधन पूर्ण मिळेल, हे लेखी द्या. लोकांना शुक्रवारी रद्द झाल्यास पूर्ण परतावा किंवा पुढचा ट्रेक, वाटेवरून परत फिरल्यास पुढच्या ट्रेकवर ठरावीक सूट, हे जाहिरातीतच छापा. बसवाल्याशी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत रद्द केल्यास किती द्यायचे हे सीझनच्या सुरुवातीला ठरवा. आणि प्रत्येक ट्रेकला एक पर्यायी ठिकाण तयार ठेवा, शक्यतो घाटमाथ्यापासून पूर्वेला. मल्हारगडासारखी जागा जुलैत घाटाच्या मानाने खूपच कोरडी असते. चुकली वाट तरी समोर गाव दिसतं. लोक थोडे हिरमुसतात, पण ट्रेक होतो.

रद्द करायचं कधी, हे आकड्यांत लिहा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. पुणे शहराचा अंदाज बघून अंधारबनला जाण्यात अर्थ नाही. शहरात रिमझिम असताना घाटमाथ्यावर दोनशे मिलिमीटर पडू शकतो. पुण्याच्या घाट भागासाठी वेगळा इशारा दिला जातो, तोच बघायचा. नियम साधा ठेवा: घाट भागाला लाल इशारा असेल तर ट्रेक रद्द, चर्चा नाही. नारिंगी असेल तर ओढा, धबधबा, घळ किंवा नाळ असलेली कुठलीही वाट नाही, पर्यायी ठिकाणी जायचं. पिवळा असेल तर जायचं, पण सकाळी तीन तासांचा ताजा अंदाज बघून. मागच्या ४८ तासांत किती पडला तेही बघा. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्ही वेळा डोंगर आधीच्या पावसाने भिजून जड झालेला होता. म्हणून आज उघडीप आहे एवढ्यावरून उताराखालच्या घरात किंवा ओढ्याकाठच्या सपाटीवर मुक्काम टाकायचा नाही.

पायथ्याच्या गावात पोचल्यावर गावकऱ्याला "जाता येईल का?" असं विचारू नका. तो "येईल की" म्हणतो, कारण त्याला स्वतःला येतं. त्याऐवजी विचारा: काल रात्री ओढ्याला पाणी कुठपर्यंत होतं? आज गुरं पलीकडे नेली का? गुरं अलीकडेच ठेवली असतील तर उत्तर मिळालं. वाटाड्या म्हणून गावातलाच माणूस घ्या, पूर्ण दिवसाचे पैसे द्या, आणि त्याने "नको" म्हटलं तर तो शब्द शेवटचा, हे सगळ्यांसमोर सांगा. त्याच्या "नको"वर लीडरने मात करायची नाही. त्याच्या "चला"वर मात्र लीडरला "नको" म्हणता आलं पाहिजे.

आता ओढा जवळून बघू. काठावर आल्यावर आधी पाण्याकडे नाही, खाली बघायचं. इथे घसरलेला माणूस कुठे जाऊन थांबेल? खाली वीस-तीस पावलांत कडा, धबधबा, झाडांचं जाळं किंवा मोठ्या दगडांमधली फट असेल तर पाणी पोटरीएवढं असलं तरी तिथून ओलांडायचं नाही. खाली पसरट, उथळ पात्र असेल तरच पुढचा विचार. मग एक काडी टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. काडी तुमच्या नेहमीच्या चालीपेक्षा वेगाने जात असेल तर गुडघ्याएवढं पाणीही माणसाला उचलतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, नवख्याला हा हिशेब कळत नाही. खोली मोजायची ती ग्रुपमधल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या गुडघ्याने. लीडरच्या गुडघ्याने नाही.

मग खूण. पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा किंवा दगडांच्या फटीत फांदी खोचा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी काठीवर चढत असेल तर प्रश्न मिटला. सह्याद्रीतले ओढे लहान पाणलोटाचे असतात, कातळात पाणी मुरत नाही. वर ढगात काय चाललं आहे ते खाली दिसत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत पोटरीचं पाणी कमरेला येतं. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, तळातून दगड गडगडल्याचा आवाज येणं, यांतलं एक जरी जाणवलं तरी सगळे वर, काठापासून लांब. पाणी अचानक कमी झालं तरी संशय घ्या. वर कुठे दरडीने अडलेलं असू शकतं आणि ते एकदम सुटतं. याच गुणाची चांगली बाजू अशी, की पाऊस थांबला की पाणी दोन-तीन तासांत उतरतंही. अडकलात तर ओलांडू नका, थांबा. त्यासाठी सामान लागतं: मोठं प्लॅस्टिक, कोरडं खाणं, प्रत्येकाकडे टॉर्च. थांबण्याची सोय नसलेला ग्रुप वाहत्या पाण्यात उतरतो.

ओलांडायचंच ठरलं तर बूट पायातच, सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला, म्हणजे पडलं तर सॅक टाकता येते. तीन-चार जण एकमेकांचे खांदे धरून प्रवाहाच्या दिशेत एका रांगेत, दणकट माणूस वरच्या अंगाला. एका वेळी एकच जण पाऊल हलवेल. खालच्या अंगाला दोघे दोर फेकायच्या तयारीत. दोराबद्दल एक चूक इतक्या ग्रुपमध्ये दिसते की वेगळं लिहावं लागतं. ओढ्याला काटकोनात, छातीच्या उंचीवर, ताठ दोर बांधून त्यात लोकांना हार्नेसने (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) अडकवतात. दिसायला सुरक्षित वाटतं. पाय सुटला की मात्र दोर मधोमध प्रवाहाच्या दिशेने ताणला जातो, माणूस त्या कोनात अडकतो आणि मागचं पाणी त्याला खाली दाबून धरतं. अडकवलेलं असल्याने तो सुटूही शकत नाही. वाहत्या पाण्यात माणसाला दोराला बांधायचं नाही. आधाराचा दोर लावायचाच असेल तर तिरका लावा, पलीकडचं टोक प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे सुटलेला माणूस सरकत काठाला लागतो. आणि तो फक्त हाताने धरायचा.

धबधब्याखालच्या डोहात उतरायला सरसकट बंदी ठेवा. पोहता येणाऱ्यालाही. पडणारं पाणी डोहात भोवरा करतं, फेसाळलेल्या पाण्यात माणूस तरंगत नाही, तळाशी रांजणखळगे असतात आणि वरून दगड येतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. पाणी चढलं तेव्हा ती प्रवाहात मधोमध उभी होती.

माणसं निवडणं हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे आणि फॉर्ममध्ये तो वाया जातो. "मी तंदुरुस्त आहे" या चौकटीत सगळेच खूण करतात. असं विचारा: गेल्या महिन्यात सलग दोन तास कधी चाललात? पाच मजले न थांबता चढता येतात का? रोज कोणती गोळी घेता? दमा, मधुमेह, फिट येणं, हृदयाचा त्रास, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया, प्रत्येकासाठी वेगळी हो-नाही. "हो" आलेल्याला फोन करायचा, काढून टाकायला नाही, बोलायला. दमा असणाऱ्याचा पंप त्याच्या खिशात आहे ना, मधुमेह्याकडे साखर आहे ना, हे गाडीतून उतरतानाच बघायचं, कारण हे सामान नेमकं गाडीत राहतं. संपर्कासाठी दिलेला माणूस त्याच ट्रेकवर नसावा. जोडपी एकमेकांचेच नंबर देतात. आणि रक्तगटाच्या रकान्यावर फार भर देऊ नका, रुग्णालय रक्त देण्याआधी स्वतः तपासतंच.

४५ माणसांना तीन लीडर कमी आहेत. ओढे-धबधब्यांच्या वाटेवर आठ ते दहा जणांमागे एक हे प्रमाण धरा, म्हणजे दोन लीडर वाढवा नाहीतर माणसं २५ वर आणा. माझं मत दुसऱ्याच्या बाजूचं. ४५ जणांची रांग धुक्यात अर्धा किलोमीटर लांबते आणि पुढच्याला मागचा दिसत नाही. पुढे एक, शेवटी एक, आणि शेवटच्या लीडरच्या मागे कोणीही नाही, लघवीला थांबलेलासुद्धा नाही. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येकाने आपल्या चौघांना ओळखायचं. प्रत्येक ओढ्यानंतर, फाट्यावर, माथ्यावर मोजणी नावाने, आकड्याने नाही. दुसऱ्या ग्रुपचा एक माणूस मिसळला की आकडा बरोबर येतो आणि आपला माणूस मागेच राहतो. लीडरकडे परवानामुक्त ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले वॉकी-टॉकी आणि सगळ्यांकडे शिट्टी. परदेशातून कोणी सॅटेलाइट फोन आणून दिला तर घेऊ नका, भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे.

हरिहरवर पाण्यापेक्षा गर्दी घातक. त्या खड्या कोरीव पायऱ्यांवर बोटं अडकवायला खोबण्या आहेत, पण वरून येणारा आणि खालून जाणारा समोरासमोर आले की एकाला खोबणी सोडावी लागते. एक लीडर वर, एक खाली, बोलून घ्या आणि एका वेळी एकाच दिशेने सोडा. दोघांत चार पायऱ्यांचं अंतर. उतरताना तोंड कातळाकडे. पायऱ्यांवर फोटो नाही. रविवारी सकाळी जिना माणसांनी भरलेला दिसला तर खालीच थांबा, शक्य असेल तर हा ट्रेक मधल्या वारीच ठेवा.

आता रॅपलिंग. पहिल्याच वर्षी धबधब्यावर सुरू करू नका. एक पूर्ण सीझन कोरड्या कड्यावर, त्याच टीमने, त्याच सामानाने काढा. पाण्याचा आवाज सुरू झाला की खालची हाक वर पोचत नाही. कोरड्यावर हाकेने निभावलेली प्रत्येक चूक तिथे उघडी पडते.

अँकरपासून, म्हणजे दोर ज्याला बांधतात त्या आधारापासून, सुरुवात. दोन स्वतंत्र आधार, त्यांतला कुठलाही एक निकामी झाला तरी दुसरा पूर्ण भार घेईल असे. दोन स्लिंगमधला (आधारांना लावलेल्या पट्ट्यांमधला) कोन ६० अंशांच्या आत ठेवला तर प्रत्येक बाजूवर भाराचा साधारण ५८ टक्के वाटा येतो. कोन १२० अंश झाला की दोन्ही बाजूंवर पूर्ण १०० टक्के येतो, म्हणजे दोन आधारांचा फायदा संपला. आपला कातळ बेसाल्टचा आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. मधले थर भुसभुशीत असतात. हातोडीने ठोकून बघा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर तिथे बोल्ट नाही. कड्याच्या टोकावरच्या झाडांची मुळं हातभर मातीत पसरलेली असतात, पावसात ती माती लोणी होते. एकट्या झाडावर माणूस टांगायचा नाही. चिखलात बसलेला मोठा दगड आधार वाटतो, पण सरकतो.

प्रत्येक माणसाला दोन दोर: एक उतरायचा, दुसरा बिलेचा, म्हणजे माणूस सुटलाच तर धरून ठेवणारा, वेगळ्या अँकरवरून, वेगळ्या माणसाच्या हातात. दोर लो-स्ट्रेच (कमी ताणला जाणारा), युरोपीय ईएन १८९१ मानकाचा ए प्रकार, १०.५ किंवा ११ मिलिमीटर. कड्याच्या धारेवर घासू नये म्हणून कॅनव्हासच्या जुन्या फायर होजचा हातभर तुकडा मधून चिरून दोराभोवती लावा, स्वस्त आणि उत्तम. मुख्य दोर अँकरला गाठ मारून बांधून टाकू नका. तो मुंटर हिचवर (भार असतानाही दोर सरकू देणारी गाठ) घेऊन मागे म्यूल गाठीने (भार असतानाही सोडता येणारी गाठ) अडकवा आणि वर आणखी एक गाठ मारा. असं केलं की खाली कोणाचे केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरण्याच्या साधनात) अडकले तर वरून गाठ सोडून त्याला तसाच खाली सोडता येतं. त्यासाठी दोर कड्याच्या उंचीच्या दुप्पट लागतो, ३० मीटरच्या कड्याला ६० मीटरहून जास्त. कोरड्या कड्यावर ही सोय असावी. धबधब्यावर ती नसेल तर खेळ सुरूच करू नये. पाण्याच्या धारेखाली अडकलेल्याला श्वास घेता येत नाही, तिथे वेळ मिनिटांत मोजतात. गाठ सोडून खाली सोडायचं काम घड्याळ लावून सराव करा, दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर तयारी झालेली नाही.

दोराची रेषा मुख्य धारेच्या बाजूने जाईल असा अँकर सरकवून घ्या, धारेतून नाही. कोरड्या कड्यावर दोराच्या शेवटी गाठ हवीच, नाहीतर माणूस टोकावरून निसटतो. खाली वाहता डोह असेल तर उलट: दोराचं टोक पाण्याच्या पातळीवर आणि गाठ नाही, कारण गाठीपाशी अडकलेला माणूस पाण्यात दाबला जातो. शिट्टीचे संकेत तीनच ठेवा, थांब, दोर सोड, खाली पोचलो, आणि सकाळी सगळ्यांकडून म्हणवून घ्या.

चांगला, सांभाळलेला दोर सहसा तुटत नाही. अपघात घडतात ते पट्टा परत उलटा न ओवलेल्या बकलमुळे, कॅराबिनरच्या (अडकवायच्या धातूच्या कडीच्या) न फिरवलेल्या स्क्रूगेटमुळे, म्हणजे फिरवून लावायच्या कुलपामुळे, आणि कडेला स्वतःला न अडकवता उभ्या असलेल्या प्रशिक्षकामुळे. तोंड उघडं राहिलेल्या किंवा आडवा भार आलेल्या कॅराबिनरची ताकद साधारण एक-तृतीयांशावर येते. कड्यापासून तीन मीटरवर एक दोरी आडवी घाला, तिच्या पुढे जो जाईल तो अडकवलेला असेल, फोटो काढणारासुद्धा. तपासणी डोळ्यांनी नाही, हाताने आणि मोठ्याने: बकल, लॉक, दोर, हेल्मेट, केस. दोन माणसांनी. तिसाव्या माणसापर्यंत प्रशिक्षक थकतो आणि नेमकी तिथेच चूक होते, म्हणून दर दहा जणांनंतर जागा बदला. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्याला लगेच उतरवायचं आणि आडवं झोपवायचं. त्याला बसवून ठेवा हा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

प्रत्येक वाटेचा एक कागद करा, दोन्ही बाजूंनी छापून प्लॅस्टिकमध्ये. गावचा पोलीस पाटील, जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, रेंज कोणत्या खडकावर मिळते, मधून उतरायच्या वाटा. ११२ आणि १०८ सोबत महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक. फोन एकाने करायचा: अक्षांश-रेखांश, किती जखमी, शुद्धीत आहेत का, जवळ काय सामान आहे. बाकीच्यांनी मोबाइल बंद करून बॅटरी राखायची. स्ट्रेचरला एका वेळी सहा माणसं लागतात, दर काही मिनिटांनी बदली, म्हणजे अठरा. एक तासाची उतरण स्ट्रेचरने चार तास घेते. दुपारी तीनला मोडलेला पाय म्हणजे रात्रीचं काम, हे धरूनच मदत मागा, अंधार पडायची वाट बघू नका.

पेटीत गोळ्यांपेक्षा बांधायचं सामान जास्त हवं: त्रिकोणी पट्ट्या, क्रेप बँडेज, स्प्लिंट, कात्री, चंदेरी थर्मल ब्लँकेट चार, कोरडे टी-शर्ट दोन, ओआरएस. त्याचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत नाही. वीस अंश तापमानालाही ओला सुती कपडा आणि वारा मिळून माणूस गारठतो. तो अडखळायला लागला, बोलणं जड झालं, कुडकुडणं आपोआप थांबलं, तर ते बरं लक्षण नाही. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड पाजा. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, तो अवयव हलू न देता उचलून न्यायचं. फुरसं चावल्यावर सुरुवातीला विशेष काही वाटलं नाही म्हणून लोक चालत राहतात, तसं होऊ देऊ नका.

रविवारी रात्री लीडरांनी वीस मिनिटं बसून एक वही भरायची: काय होता होता राहिलं. कुठे पाय घसरला, कोण मागे राहिलं, कुठली मोजणी चुकली, कोणत्या गाठीला वेळ लागला. नाव लिहायचं नाही, जागा आणि वेळ लिहायची. एकाच ओढ्याचं नाव तीनदा आलं की ती वाट त्या पाण्यात बंद. दोरांची वहीही सोबत: खरेदीची तारीख, किती दिवस वापर, कुठे घासला. हात फिरवताना मऊ किंवा चपटी जागा लागली की तो भाग कापून टाका. न वापरलेला दोर-हार्नेससुद्धा उत्पादनापासून दहा वर्षांनी बाद करायचा असतो, बहुतेक उत्पादक तसं सांगतात.

आणि बुधवारी सगळ्यांना एक निरोप पाठवा. पायाला जखम असताना चिखलात, ओढ्यात चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर ट्रेक विसरलेला असतो. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांपैकी काही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि "पावसात ट्रेकला गेलो होतो, या तारखेला" हे स्वतःहून सांगा.